शिळं म्हणून सोडलेलं पाणी

टाकी मीच रिकामी केली होती, हे आधी सांगून टाकते. नंतर जे झालं त्याला कोणी चमत्कार म्हणो, कोणी योगायोग म्हणो, पण त्याची सुरुवात माझ्या मूर्खपणापासून झाली. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. देवीला मानत होते, पण ऊठसूट तिच्या पाया पडणारी नव्हते. माझं माहेर जोगेश्वरीचं. तिथल्या गुंफेतल्या देवीची नवरात्रात एकदा ओटी भरायची आणि मग वर्षभर आपल्या कामाला लागायचं, एवढाच आमचा संबंध. ती तिच्या घरी, मी माझ्या घरी, असं मी हसत म्हणायचे. आता म्हणत नाही.

आमची मुलुंडची चाळ नवी इमारत बांधायला पाडली, तेव्हा सगळे भाड्याच्या खोल्या शोधत फिरत होते. आमचे हे फिरले नाहीत. त्यांचं आयुष्य बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात गेलं होतं. त्यांनी भंगारात निघालेली शाळेची एक मिनीबस घेतली, आतल्या सीटा उपटून काढल्या आणि चार महिने खपून तिचं घर केलं. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा, मागे पडदा लावून मोरी आणि संडास. डोंगराच्या बाजूला त्यांचा जुना कारखाना बंद पडून होता. त्याच्या आवारात बस उभी केली. मालक म्हणाला, राहा, जागेवर तुमची नजरही राहील. आमची लेक लता नालासोपाऱ्याला दिलेली. तिला हे अजिबात पटलं नाही. "बाबा, सासरी काय सांगू? आईबाप बसमध्ये राहतात?" असं ती फोनवर ओरडली. हे म्हणाले, "सांग, बसलेत, स्टॉप आला की उतरतील."

भाचा सांगत होता, परदेशात लोक हौसेने अशा गाड्यांत राहतात. असतील. आम्ही हौसेने गेलो नव्हतो. पण खरं सांगायचं तर दोनेक महिन्यांनी मला ती गाडी आवडायला लागली. आज नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसले आहे, कुठलाही नळ फिरवला की पाणी येतं, आणि तरी मला ती गाडी आठवते. चाळीत चाळीस वर्षं आम्ही दोघं एका खोलीत राहिलो, पण मध्ये नेहमी कोणीतरी असायचं. सासू, दीर, लेक, शेजारपाजार. गाडीत पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. म्हातारपणी नवा संसार मांडल्यासारखं. आणि त्या संसारात मुख्य गोष्ट काय, तर पाणी.

पलंगाखाली दोनशे लिटरची निळी टाकी होती. ती आवारातल्या एकाच नळावरून भरायची. नळ सकाळी सहाला यायचा आणि साडेसातला जायचा. टाकीच्या तोंडावर यांच्या जुन्या धोतराचा फडका चौपदरी बांधायचा, मग हिरवा पाइप आत सोडायचा. ओट्यापाशी पायाने दाबायचा पंप यांनी बसवला होता. पाय दाबला की तेवढंच पाणी यायचं, पाय उचलला की बंद. नळ चालू ठेवून भांडी घासायची सोयच नव्हती. भांडी आधी कागदाने पुसायची, मग ओल्या फडक्याने, मग एका पाण्यातून काढायची. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, भाजीचं पाणी मोरीखालच्या बादलीत आणि ती बादली संडासात. आंघोळ तीन तांब्यांत. हे दोन तांब्यांत करायचे आणि मला चिडवायचे, "तू काय, हत्ती धुतेस काय?" प्यायचं पाणी वेगळं, वीस लिटरच्या कॅनमध्ये. दोनशे लिटर आम्हांला चार दिवस पुरायचे. मला त्याचा फार अभिमान होता. लताला मी फोनवर सांगायचे, तुझ्या घरात एका दिवसात वाहून जातं तेवढ्यात मी चार दिवस राज्य करते.

फक्त एक सवय माझ्याकडून सुटली नाही. चाळीतल्या बायकांना ती ठाऊक असेल. सकाळी नळ आला की आधी कालचं पाणी ओतून टाकायचं, पिंप घासायचं आणि मग ताजं भरायचं. कालचं पाणी ते शिळं. माझ्या सासूचा दंडक होता, शिळ्या पाण्याने देवाला आंघोळ नाही आणि माणसाला चहा नाही. नळ येण्याआधी त्यातून हवा यायची, फुसफुस, खरखर. तो आवाज ऐकला की मजल्यावरच्या सगळ्या बायका हंडे उपडे करायच्या. पाणी समोर दिसायची वाट कोणी बघत नसे, कारण आवाजामागे पाणी येणारच. गाडीत आल्यावरही दर भरणीच्या दिवशी टाकीत उरलेलं पाणी मी खालची तोटी उघडून सोडून द्यायचे. हे चिडायचे. "अगं, पाण्याला काय बुरशी येते?" मी म्हणायचे, "तुम्ही पत्रा ठोका. पाण्यातलं तुम्हांला काय कळतं?"

मे महिन्यात यांचं लघवीच्या जागेचं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी घरी सोडलं, पण नळी ठेवूनच. खाली पिशवी लटकलेली. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. यांना सारखं पाणी पाजत राहायचं, दिवसाला तीन लिटर. पाणी कमी पडलं की आत रक्ताची गुठळी होते आणि नळी तुंबते. पिशवीत लाल दिसायला लागलं आणि मग यायचंच थांबलं, तर लगेच घेऊन या, उशीर करू नका. नळीला हात लावण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवायचे. निघताना म्हणाला, "आजी, फ्रेश पाणी द्या हं, फ्रेश." त्याला म्हणायचं होतं स्वच्छ. मी चाळीतली बाई, मी ऐकलं ताजं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. टाकीत अर्ध्याच्या वर पाणी होतं, आदल्या दिवसाचं. कॅनही जवळजवळ भरलेला. सहाच्या सुमारास नळाने खरखर केली. मी मनात म्हटलं, आजारी माणसाला शिळं नको. तोटी उघडली. कॅनही ओतला आणि आतून काथ्याने घासून उपडा ठेवला. शंभराच्या वर लिटर पाणी गाडीखालून वाहत गेलं आणि धुळीत जिरलं. मग पाइप लावून नळापाशी उभी राहिले. नळाने आणखी एकदा फुसकारा सोडला. मग काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. मी नळाला चापट मारली, जशी पोराला मारावी तशी.

सातला लताचा फोन. "आई, टीव्हीवर दाखवतायत, तुमच्या भागातला मोठा पाइप फुटलाय. आज पाणी नाही म्हणे. तुझी टाकी भरलेली आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

आयुष्यात लेकीशी मी फार थोडं खोटं बोलले आहे, त्यातलं ते एक. टाकी रिकामी आहे म्हटलं असतं तर ती तशीच निघाली असती आणि आल्याबरोबर म्हणाली असती, तरी मी सांगत होते. ते ऐकायची मला लाज वाटली. नवऱ्याला नळी लावलेली आणि मी माझी लाज सांभाळत होते. असं असतं माणूस.

गाडीत काय काय उरलंय ते पाहिलं. यांच्या उशाशी अर्धी बाटली. देवीच्या फोटोसमोर तांब्याभर. किटलीत घोटभर चहा. एवढंच. हात धुवायला मोरीतल्या बादलीत तळाला थोडं, तेही भाजीचं. कळशी घेऊन रस्त्यावर गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "सकाळी सहा वाजल्यापासून रांग आहे आजी, दुपारी गाडी आली तर आली." समोरच्या इमारतीत गेले. तिथले सेक्रेटरी खाली पंपाच्या खोलीला कुलूप लावत होते. म्हणाले, "आज कोणालाच नाही. आमच्याच टाकीचा भरवसा नाही." मी म्हटलं, घरात आजारी माणूस आहे. ते म्हणाले, "आजारी माणसं आमच्याकडेही आहेत, आजी." त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर कुलूप दोनदा ओढून पाहिलं असतं. तळमजल्यावरच्या एका बाईने खिडकीतून एक लिटरची बाटली दिली. ती घेऊन आले.

दहा वाजेपर्यंत पत्रा तापला. मी यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांनी टाकी वाजवून बघितली असणार. टाकी भरलेली की रिकामी हे त्यांना बोटाच्या टिचकीने कळायचं. मी दर वीस मिनिटांनी पेला द्यायचे आणि ते "ठेव, पितो" म्हणायचे. मी ओट्याकडे वळले की पेला पुन्हा बाटलीत ओतायचे. हे मला कसं कळलं? बाटली कमीच होईना. मी वळून बघितलं तर ओठ नुसते ओले करून पेला बाटलीच्या तोंडाला लावलेला.

"हे काय करताय?"

"तहान नाही गं."

"तहान तुम्हांला विचारली कोणी? डॉक्टरने सांगितलंय."

"मग तू काय पिणार दिवसभर?"

मला रडू आलं नाही, राग आला. असा राग आला की पेला त्यांच्या दातांवर आपटून पाजला. मग पिशवीकडे पाहिलं. सकाळी पिवळी होती. आता तांबूस झाली होती, विड्याची पिंक पाण्यात पडल्यासारखी. अकराला आणखी गडद. थेंब पडत होते, पण मोजता येतील असे. हे ओटीपोट धरून कुशीवर वळले. म्हटलं, हॉस्पिटलात जाऊ या. तर म्हणाले, "थांब जरा, पाणी येईल." मी रिक्षासाठी पायात चपला घातल्या. त्यांना उठवून नळीसकट रिक्षात घालणं माझ्या एकटीच्याने होणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

चपला घालूनच देवीच्या फोटोसमोर उभी राहिले. तशी मी कधी राहत नाही. मला मागता येत नाही, म्हणजे सवय नाही. म्हटलं, चूक माझी आहे. मी टाकी सोडली. शिक्षा द्यायची तर मला दे, यांना कशाला? आजवर पाण्याचा थेंबनथेंब मी सांभाळला असं म्हणत होते, ते काही खरं नाही. आता माझ्या हातात काही नाही. तू बघ. एवढं बोलून तिच्यासमोरचा तांब्या उचलला. सासू असती तर किंचाळली असती, देवापुढचं पाणी पूजेआधी उचललं म्हणून. मी म्हटलं, तुला नंतर देईन, आता यांना हवंय. आणि तो तांब्या घोट घोट करून यांना पाजला. पाजताना प्रथमच मनात धावपळ नव्हती. का नव्हती ते सांगता येत नाही. काहीच बदललं नव्हतं, पिशवी तशीच लाल होती.

तांब्या खाली ठेवला आणि गेटवर धाडकन आवाज झाला. बघते तर पाण्याचा भला मोठा टँकर आमच्या फाटकासमोर एका अंगावर कलून उभा. मागचा टायर बसला होता. ड्रायव्हर खाली उतरून जॅक लावत होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, गालात तंबाखू. जॅक लावला तर जॅकच मातीत रुतायला लागला. त्याने कपाळाला हात लावला, फोन काढला आणि मालकाशी बोलला. मग मला बघून आत आला.

"मावशे, हितं एखादा हौद, टाकी, पिंप काय हाय का? गाडी हलकी केल्याबिगर उचलत न्हाई. मालक म्हनला सोडून दे पानी, गाडी काढ. पन गटारात सोडवंना बघा."

मी त्या टँकरकडेच बघत राहिले. तो म्हणाला, "ऐकू येतं नव्हं?"

मी म्हटलं, "येतं रे बाबा, येतं. पिण्याचं आहे?"

"पिन्याचंच हाय, सोसायटीला चाललं होतं. तरी उकळून घ्या."

कारखान्याच्या मागे सिमेंटचा हौद होता, कोरडा, पानं पडलेला. तो मी दाखवला, पण आधी माझी टाकी, असं म्हटलं. त्याने जाडजूड पाइप ओढत आणला. मी फडका बांधायला घेतला, घाईत गाठ बसेना. त्यानेच बांधली. टाकी भरली, कॅन भरला, कळशी, बादली, कुकर, पातेली, जे उभं राहील ते भरलं. मग मी समोरच्या इमारतीकडे जाऊन हाक मारली, "या रे, पाणी घेऊन जा." तळमजल्यावरची बाई आली, तिच्यामागे पंधरा-वीस माणसं बादल्या घेऊन. सेक्रेटरीसुद्धा आले, दोन्ही हातांत बादल्या. मला म्हणाले, "आजी, सकाळचं मनात ठेवू नका." मी म्हटलं, "बादली नीट धरा, सांडतंय." उरलेलं हौदात गेलं. गटारात थेंब गेला नाही.

पाणी उकळत ठेवून मी त्या ड्रायव्हरला किटलीतला घोटभर उरलेला चहा दिला. दुसरं द्यायला काही नव्हतं. त्याने विचारलं, "एवढी टाकी आन् रिकामी कशी काय?" मी खरं सांगितलं. लेकीला नाही सांगितलं ते त्याला सांगितलं. शिळं झालं म्हणून सोडून दिलं.

त्याला ते कळेचना. "काय झालं म्हून?"

"शिळं. कालचं होतं ना."

तो इतका हसला की तंबाखू ठसक्यात गेली. "मावशे, भाकर शिळी हुती. पानी कसं हुईल शिळं? आमच्या बीडकडं हे बोललात तर बाया तुमास्नी बगायला येतील!" मग हसणं थांबवून म्हणाला, "आमची आय आठ दिसाचं पानी गाळून गाळून प्यायची. म्हून मला गटारात सोडवंना." एवढं बोलून तो टायर बदलायला गेला. सत्तर वर्षांच्या माझ्या आयुष्यात पाणी शिळं होत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. यांनी सांगितलं होतं म्हणा, पण नवऱ्याचं कोण ऐकतं.

पाणी निवलं तसं यांना पाजत गेले. आता पेला परत ओतायला जागाच ठेवली नाही, समोर बसून राहिले. दीडच्या सुमारास पिशवीत एक काळपट धागा उतरला आणि त्यामागून पाणी वेगाने आलं. आधी लाल, मग गुलाबी, चार वाजेपर्यंत गवताच्या रंगाचं. डॉक्टरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, गुठळी सुटली, आता भीती नाही, पाजत राहा. हे उठून बसले आणि म्हणाले, "चहा टाक. आणि तोटीला आता मी कुलूप लावणार आहे." लावलंही. किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली.

देवी टँकर चालवत आली असं मी कोणाला सांगत नाही. तो माणूस होता, तंबाखू खाणारा, बीडचा. पुढे तो त्या रस्त्याने जाताना हॉर्न वाजवायचा आणि हे गाडीतून थाळी वाजवायचे. टायर फुटायचा तो फुटला. पण तो पुढच्या वळणावर फुटू शकला असता. पाणी गटारात सोडणारा कोणी ड्रायव्हर असू शकला असता. मी त्या कुलूप लावणाऱ्या सेक्रेटरींसारखी मनाची दारं लावून बसले असते तर हौद दाखवायला बाहेरही आले नसते. यातलं काहीच मी जमवलेलं नव्हतं. माझ्या हाताने झालं होतं ते एकच, टाकी रिकामी.

त्यानंतर दीड वर्ष हे होते. चाळीच्या जागी इमारत उभी राहिली, त्यात राहायला गेले, सातव्या मजल्यावरून डोंगर बघितला, गाडी दुसऱ्या गरजूला देऊन टाकताना दोन दिवस जेवले नाहीत. मग गेल्या थंडीत छातीत कळ आली. तेव्हाही मी देवीसमोर उभी राहिले. तीच बाई, तोच फोटो, तेच शब्द, माझ्या हातात काही नाही, तू बघ. या वेळी गेटवर कोणी आलं नाही. तीन दिवसांत हे गेले.

लताला वाटलं मी देवीवर रागावेन. फोटो तिने कपाटात ठेवला होता. मी बाहेर काढून लावला. मी तिला सांगितलं, त्या दिवशी मी मागितलं म्हणून पाणी आलं असं असतं, तर या वेळीही काही आलं असतं. तेव्हा ते माझ्या मागण्याने आलेलं नव्हतं. दिलं होतं, तिच्या मर्जीने दिलं होतं, आणि दीड वर्ष पुरेल एवढं दिलं होतं. "तू बघ" म्हटल्यावर ती काय बघते हे आपण ठरवायचं नसतं. ठरवायचं असेल तर तसं म्हणूच नये.

आता मी महिन्यातून एकदा जोगेश्वरीला जाते. आधी जायचे तेव्हा ओटी भरली, हात जोडले की दोन मिनिटांत परत. आता सांगायचं काही नसतं, तरी गुंफेत खांबाला टेकून तासभर बसते. आतला दगड गार लागतो. बाया येतात, आपापलं गाऱ्हाणं सांगतात, जातात. परवा एकीने विचारलं, "आजी, काय मागताय एवढा वेळ?" मी म्हटलं, "काही नाही गं. मिळालंय, ते सांगायला आले." ती सरकून माझ्याशेजारी बसली.